कपात त्यांची, खाडा आमचा

गेल्या पावसाळ्यात आमच्या शहर शाखेच्या अभ्यासमंडळात असंघटित श्रमिकांच्या प्रश्नावर चर्चा चालली होती. घरेलू कामगार, विडी कामगार, फेरीवाले, रिक्षाचालक, मोबाईलच्या पडद्यावरून हुकूम घेऊन घरोघर जेवण पोचविणारी मुले असे सर्व विषय येऊन गेले. अखेरीस एक तरुण भगिनी उठल्या. त्या डिझाइनचे काम करतात. कोणाच्या नोकरीत नाहीत. घरच्या टेबलावर बसून निरनिराळ्या ग्राहकांसाठी बोधचिन्हे, माहितीपत्रके, संकेतस्थळे तयार करतात. हाती घेतलेले काम ग्राहकाने मध्येच एकतृतीयांशावर आणल्यामुळे आपल्या उपजीविकेचे काय झाले, हे त्यांनी पाच मिनिटांत सांगितले आणि विचारले, 'या प्रश्नाला आपल्या चळवळीत काही जागा आहे का?' त्यावर आमचे एक ज्येष्ठ साथी, ज्यांच्याविषयी मला नितांत आदर आहे, सहजपणे म्हणाले, 'ताई, तुम्ही कामगार नाही, तुम्ही छोट्या व्यावसायिक आहात. धंद्यात नफा-नुकसान चालायचेच.' मंडळात थोडे हसू उमटले. भगिनी खाली बसल्या. चहा आला.

मी त्या दिवशी काही बोललो नाही. वस्तुतः बोलण्याचा अधिकार त्या खोलीत कोणाला असेल तर तो मलाच होता, कारण प्रस्तुत लेखकाची तीस-पस्तीस वर्षे याच धंद्यात गेली आहेत. ब्रशाने कापडी फलक रंगविण्यापासून सुरुवात झाली. पुढे ब्रोमाइड आणि पेस्टिंग आले, मग डीटीपी आले, आता सारे काही पडद्यावरच होते. साधने बदलली, परंतु 'तूर्त एवढेच करा, बाकीचे पुढे पाहू' हे ग्राहकाचे वाक्य तेवढे बदलले नाही. मी गप्प राहिलो याचे एक कारण असे की आपली मजुरी बुडाली हे चारचौघांत कबूल करण्याची लाज या धंद्यात फार खोल रुजलेली आहे. दुसरेही एक कारण होते. ते या लेखाच्या शेवटी सांगेन.

प्रथम त्या भगिनींची हकिगत, त्यांच्या अनुमतीने. घरे बांधून विकणाऱ्या एका कंपनीने आपल्या नव्या वसाहतीसाठी त्यांच्याकडे काम सोपविले. बोधचिन्ह १५,००० रुपये, चोवीस पानी माहितीपत्रक २५,०००, रस्त्यावरील व विक्री कार्यालयातील फलक ३०,००० आणि संकेतस्थळ ५०,००० असे एकूण १,२०,००० रुपयांचे काम बारा आठवड्यांत पुरे करावयाचे ठरले. ४०,००० रुपये आगाऊ मिळाले. पहिले तीन आठवडे त्यांनी रेघही पक्की केली नाही. वसाहतीच्या जागेवर गेल्या, विक्री करणाऱ्या मुलांशी बोलल्या, घर घेण्यास येणारी कुटुंबे काय विचारतात ते ऐकले, अक्षरांचे वळण, रंग आणि छायाचित्रांची जात कोणती असावी हे ठरविले. हा पाया चारही कामांचा होता. पुढील दोन आठवड्यांत बोधचिन्ह झाले, माहितीपत्रकाची मांडणी झाली. पाचव्या आठवड्याच्या अखेरीस कंपनीच्या व्यवस्थापकाचा दोन ओळींचा संदेश आला. काम फार सुंदर झाले असून फलक व संकेतस्थळ आता 'स्कोप'मधून वगळण्यात येत आहेत. ते कार्यालयातच करून घेण्यात येतील. हिशेब जोडलेलाच होता: १५ आणि २५ मिळून ४०, आगाऊ दिलेले ४०, फिट्टंफाट. खाली आभार आणि 'पुढेही आपल्यासोबत काम करावयास आवडेल' असे वाक्य.

अंकगणित म्हणून हा हिशेब निर्दोष आहे आणि म्हणूनच तो फसवा आहे. बारा आठवड्यांचे १,२०,००० म्हणजे आठवड्यास १०,००० रुपये. भगिनींनी पाच आठवडे श्रम केले होते, म्हणजे झालेल्या श्रमाचेच दहा हजार बुडाले. उरलेले सात आठवडे त्यांनी याच कामासाठी राखून ठेवले होते आणि त्यापायी एका पाठ्यपुस्तकाच्या चित्रांचे ४५,००० रुपयांचे काम नाकारले होते. सातांपैकी पाच आठवडे त्यांना काहीच मिळाले नाही. शेवटच्या दोन आठवड्यांत किरकोळ कामांचे १४,००० आले. एकूण तीन महिन्यांची प्राप्ती ५४,०००. घरभाडे, संगणकाचा हप्ता आणि सॉफ्टवेअरची मासिक वर्गणी यांच्या 'स्कोप'मध्ये मात्र कोणी कपात केली नाही.

व्यवस्थापक म्हणेल, प्रत्येक वस्तूची किंमत तुम्हीच लिहून दिली होती, जेवढ्या वस्तू घेतल्या तेवढ्यांचे पैसे दिले, यात अन्याय कोठे आहे? हा प्रश्न प्रामाणिक माणसालाही पडू शकतो. ज्याने विद्यार्थिदशेत खानावळीत जेवण केले आहे त्याला मात्र त्याचे उत्तर ठाऊक असते. महिन्याचे पैसे भरून जेवणाऱ्याचा दर आणि एका वेळेचे ताट घेणाऱ्याचा दर यांत फरक असे. खाडा धरावयाचा तर आदल्या दिवशी सांगावे लागे. स्वयंपाक झाल्यावर सांगितलेला खाडा मोजला जात नसे, आणि महिन्यातून ठराविक खाड्यांपलीकडे सूट नसे. ही पाटी भिंतीवर लावणाऱ्या मावशींना कोणी नफेखोर म्हटले नाही. तांदूळ आधीच आणलेला असतो, कणीक भिजलेली असते, आणि आपल्या जागी दुसरा जेवणारा त्यांनी घेतलेला नसतो, हे सर्वांना कळत होते. डिझाइनमध्ये पंधरा हजारांचे बोधचिन्ह पंधरा हजारांत परवडते ते पाठीमागे एक लाख पाच हजारांचे काम उभे आहे म्हणून. तीन आठवड्यांचा विचार चारही कामांवर वाटलेला असतो. मागची तीन कामे किंवा त्यांतली दोन काढून घेतली की पहिल्याची किंमत तीच राहत नाही. महिन्याच्या दराने पाच दिवस जेवून उठणाऱ्याला जे खानावळीत करता येत नव्हते, ते या कंपनीने दोन ओळींत करून दाखविले.

याहून मोठी गोष्ट पुढे घडली. दोन महिन्यांनी त्या वसाहतीचे फलक हमरस्त्यावर लागले. भगिनींनीच ठरविलेले रंग, तेच अक्षरवळण, माहितीपत्रकाचीच मांडणी आडवी ताणून केलेली. कार्यालयातील एका पगारी मुलाने, चित्रे जुळवून देणाऱ्या संगणकीय यंत्रबुद्धीच्या साहाय्याने, चार दिवसांत ते उरकले होते. मग वगळले गेले ते काय? फलक तर उभे राहिले, संकेतस्थळही झाले. वगळली गेली ती फक्त ज्या डोक्यातून हे सर्व निघाले त्या डोक्याची मजुरी. अशा व्यवहाराला कामाची कपात म्हणणे हा शब्दांचा दुरुपयोग आहे. काम कापलेले नाही, कामगार कापला आहे.

विडी कामगारांत काम केलेल्या साथींना यात नवे काही वाटणार नाही. कारखानदार वळून आणलेल्या विड्यांतून काही 'छाट' म्हणून बाजूला काढी, त्यांची मजुरी देत नसे, आणि त्याच छाट विड्या पुन्हा बाजारात जात. या लुटीविरुद्ध ठिकठिकाणी लढे झाले. १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्यात छाट आणि छाट मालाची मजुरी यांविषयीच्या तंट्यांसाठी मुद्दाम तरतूद करावी लागली ती उगाच नव्हे. विडी वळणारी बाईही घरीच बसून काम करते, तिलाही नगावर मजुरी मिळते, सूपही तिचेच असते. तिला कोणी 'छोटी व्यावसायिक' म्हणून खाली बसविले असते तर तो कायदा झाला नसता.

आमच्या ज्येष्ठ साथींच्या आक्षेपाचा गाभा असा की, ज्याच्यापाशी साधने स्वतःची आहेत आणि ज्याला एक ठराविक मालक नाही तो कामगार नव्हे. ज्या शहरात गिरणगाव होते त्या शहराच्या राजकारणात वाढलेल्या माणसाने असे म्हणावे याचे मला नवल वाटते. बदली कामगार आठवावा. तो पाळीच्या वेळी गिरणीच्या फाटकाशी हजर राही. कायम कामगार गैरहजर असला तर आत जाई, नसला तर परत फिरे. त्याने फाटकाशी घालविलेल्या सकाळची किंमत कोणी करीत नसे. १९५३ साली औद्योगिक विवाद कायद्यात दुरुस्ती होऊन ले-ऑफच्या भरपाईचे प्रकरण आले. पन्नास वा अधिक कामगारांच्या कारखान्यात मालक काही काळ काम देऊ शकला नाही तर मूळ वेतन व महागाई भत्ता यांच्या निम्मी रक्कम त्याने द्यावी, असे ठरले. त्या तरतुदीमागील तत्त्व फार मोठे आहे. कामगार काम करावयास हजर आहे आणि मालक ते देत नाही, तेव्हा त्या रिकाम्या दिवसाचा निम्मा भार तरी मालकाने उचलावा, हे त्यात मान्य झाले. बदली कामगाराला मात्र त्यातून वगळले होते. एक वर्ष सलग नोकरी झाल्यावरच तो बदली राहत नसे. तो कायदा जाऊन २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता आली, तिच्यातही ही निम्म्या वेतनाची तरतूद राहिली आहे. अर्थात कारखान्यांपुरती. फाटकाबाहेर उभा असलेला आजचा बदली कामगार, मग तो ब्रश घेऊन उभा असो वा संगणक, पूर्वीइतकाच बाहेर आहे.

आणि हे तत्त्व केवळ कामगारांपुरते मानले जाते असेही नाही. भांडवलवाले आपल्यापुरते ते कसोशीने पाळून घेतात. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या सर्वसाधारण करारशर्ती उघडून तेरावे कलम वाचावे. काम सोडून दिल्यामुळे अथवा त्याची व्याप्ती घटविल्यामुळे करार मध्येच आवरावा लागला तर ठेकेदाराला काय द्यावे, हाच त्या कलमाचा विषय आहे. न झालेल्या कामावरील नफा त्याला मागता येत नाही, हे खरे. परंतु झालेल्या कामाचे पूर्ण पैसे तर मिळतातच, शिवाय तात्पुरते रस्ते, मजुरांच्या झोपड्या, गोदामे, पाण्याच्या टाक्या अशा पूर्वतयारीच्या ज्या खर्चाचा पूर्ण उपयोग झाला नाही त्याचीही वाजवी भरपाई मिळते. ठेकेदाराच्या पाण्याच्या टाकीला जी प्रतिष्ठा आहे ती एका मुलीने तीन आठवडे वसाहतीत फिरून केलेल्या अभ्यासाला नाही. अभ्यास हीच तिची पाण्याची टाकी होती.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, नाहीतर माझ्यावर एकांगीपणाचा आरोप येईल. काम कमी करणारा प्रत्येक ग्राहक लबाड नसतो. २०२० च्या टाळेबंदीत माझी स्वतःची तीन कामे अर्ध्यावर थांबली. त्यांतील एक लहानशा नाट्यसंस्थेचे होते, तिच्यापाशी नटांना द्यावयास पैसे नव्हते. अशा वेळी मी एक पैसाही मागितला नाही आणि मागणार नाही. गावातील शाळा, नुकतेच दुकान थाटलेला तरुण, बचत गट यांचे अंदाज चुकतात. त्यांच्याशी बसून, काय ठेवावे आणि काय सोडावे हे आपणच सांगावे. कित्येकदा कमी झालेले काम अधिक चांगले होते, हाही अनुभव आहे. माझा आक्षेप व्याप्ती घटविण्यावर नाही. घटविण्याचा निर्णय एकाने घ्यावयाचा आणि त्याची किंमत दुसऱ्याने मोजावयाची, ती मोजताना वर आभारही मानावयाचे, या रिवाजावर आहे.

मग करावे काय? या धंद्यातील तरुणांना व्यवहारचतुर मंडळी सल्ला देतात की संबंध बिघडवू नका, हसतमुखाने सोसा, पुढचे काम मिळेल. मी हा सल्ला दहा वर्षे पाळला. पुढचे काम मिळते, हे खरे आहे, परंतु तेही त्याच अटींवर मिळते. ज्याने एकदा खाडा आपल्या अंगावर घेतला त्याच्याकडे ग्राहक खाडा घालण्यासाठीच येतो.

पुष्कळसे रक्षण कामाच्या आरंभीच्या पत्रातच करता येते. वस्तूंची यादी करून तिच्यापुढे आकडे लिहिण्याची पद्धत हाच मूळ घातक प्रकार आहे. ती आपणहून ग्राहकाच्या हाती कात्री देते. अभ्यास आणि संकल्पना यांचा स्वतंत्र टप्पा लिहावा, त्याची किंमत लाजून शेकडा पाच न धरता जेवढा वेळ जातो तेवढी धरावी, आणि तो टप्पा संपताच ती देय व्हावी. वास्तुशिल्पी हेच करतात. त्यांचे मानधन टप्प्याटप्प्याने ठरते, आणि इमारत उभी राहिली नाही म्हणून नकाशाचे पैसे बुडत नाहीत. दुसरे, काम सुरू झाल्यावर व्याप्ती घटविल्यास झालेल्या भागाचे पूर्ण आणि वगळलेल्या भागाच्या किमतीचा अमुक हिस्सा, पाव म्हणा वा तृतीयांश, राखून ठेवलेल्या वेळेबद्दल द्यावा लागेल, असे साध्या मराठीत लिहावे. हा हिस्सा वाजवी असावा. १८७२ च्या करार कायद्याच्या ७४ व्या कलमान्वये आधी ठरविलेली भरपाई ही कमाल मर्यादा असते, न्यायालय त्या आत वाजवी रक्कम देते. तेव्हा धाक म्हणून फुगविलेल्या आकड्याचा उपयोग नाही. तिसरे, वगळलेल्या कामात आपली संकल्पना वापरावयाची असेल तर तिचा मोबदला निराळा. स्वामित्वहक्काचे हस्तांतरण लेखी व सहीनिशी झाल्याखेरीज कायद्याने होत नाही, हे १९५७ च्या कायद्याचे १९ वे कलम सांगते. आमचे बहुतेक बांधव ते आयुष्यात एकदाही वाचत नाहीत. मूळ फायली शेवटचा हप्ता आल्यावरच द्याव्यात, हे तर पाटीवर लिहून टेबलापुढे टांगावे.

पत्र केले नसेल आणि 'वगळण्यात येत आहे' हा संदेश येऊन थडकला असेल, तरीही लगेच 'ठीक आहे' असे उत्तर पाठवू नये. केलेला करार बदलावयाचा तर दोघांची संमती लागते, आणि आपले 'ठीक आहे' हीच ती संमती ठरते. एक दिवस थांबावे. मग वजाबाकीचा हिशेब बाजूला सारून उरलेल्या कामाची नवी किंमत मांडावी: इतके आठवडे झाले, इतके राखून ठेवले होते, लहान झालेल्या कामाचा दर हा. शिवीगाळ नको, विनवणीही नको. त्या भगिनींनी मंडळातील प्रसंगानंतर असेच पत्र पाठविले. झालेल्या पाचव्या आठवड्याचे १०,०००, राखीव वेळेबद्दल वगळलेल्या ८०,००० चा चौथा हिस्सा म्हणजे २०,०००, आणि फलकांवर वापरलेल्या मांडणीबद्दल १५,००० अशी मागणी केली. तीन स्मरणपत्रांनंतर १०,००० आले. उरलेल्या पस्तीस हजारांविषयी कंपनी मौन पाळून आहे.

कायदा या मौनापुढे किती चालतो? झालेल्या व स्वीकारलेल्या कामाचे पैसे थकले तर २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्याचा आधार आहे. उद्यम नोंदणी केलेल्या व्यक्तीला फार तर पंचेचाळीस दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत. त्यापुढे बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज लागते, आणि दाद सुविधा परिषदेकडे मागता येते. ही नोंदणी काम घेण्यापूर्वीच करून ठेवावी. पण गंमत पाहा, पंचेचाळीस दिवस मोजावयाचे ते काम स्वीकारल्यापासून. जे काम करूच दिले नाही त्याविषयी हा कायदा मुका आहे. करार कायद्याचे ७३ वे कलम करारभंगाच्या नुकसानभरपाईविषयी बोलते खरे, परंतु पस्तीस हजारांसाठी दिवाणी न्यायालयाच्या पायऱ्या किती वर्षे झिजवावयाच्या, हे वाचकांना सांगणे नलगे. सामाजिक सुरक्षा संहितेतील 'गिग कामगारा'ची व्याख्या इतकी सैल आहे की शब्दशः पाहता हे डिझाइनर तिच्यात बसतात. परंतु निधीत भर घालावयाची ती मध्यस्थ कंपन्यांनी. थेट काम देणाऱ्या ग्राहकावर तिचा कसलाच भार नाही. न्यूयॉर्क शहरात २०१७ पासून आठशे डॉलर किंवा त्याहून मोठ्या मुक्त कामासाठी लेखी करार बंधनकारक आहे आणि तीस दिवसांत पैसे न दिल्यास दुप्पट भरपाई मागता येते. भांडवलशाहीच्या त्या राजधानीत जे झाले ते मुंबई-पुण्यात अशक्य का समजावे?

ते आपोआप झाले नाही, तेथील मुक्त श्रमिकांच्या संघटनेने ते झगडून मिळविले. आमच्याकडे डिझाइनर संघटित होत नाहीत, याचा दोष मी त्यांनाही देतो. एकटा मनुष्य, एक संगणक, आणि दारावर पाटी 'स्टुडिओ'ची. कामगार म्हणवून घेण्याचा संकोच एवढा की शेजारच्या 'स्टुडिओ'ने वीस हजारांत घेतलेले काम पंधरात ओढण्यास मागेपुढे पाहिले जात नाही. आणि एकत्र येऊन दर ठरवू म्हटले तर २००२ चा स्पर्धा कायदा आडवा येण्याचा धोका. कामगारांनी एकत्र दर मागितला की ती युनियन, 'उद्योजकां'नी मागितला की ते कारस्थान. युरोपीय आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे काढून एकट्याने काम करणाऱ्या स्वयंरोजगारितांचे सामुदायिक करार या कचाट्यातून बरेचसे मोकळे केले. आपल्या संसदेतील प्रतिनिधींनी ही मागणी उचलावी, एवढी ती सरळ आहे. तोवर दरांविषयी मौन पाळून अटींचा समान नमुना तरी करता येईल. टप्पे, राखीव वेळेची भरपाई, संकल्पनेचा हक्क, एवढे एका पानावर छापून शहरातील शंभर डिझाइनरांनी तेच पान वापरले, तर शंभरांतील एकावर 'तुम्हीच फार अडता' असा ठपका येणार नाही.

अनेक मालक असलेल्या श्रमिकाचे काय करावे हा प्रश्न महाराष्ट्राला अपरिचित नाही. सकाळी या पेढीचे पोते, दुपारी त्या पेढीचे, अशा हमालाला मालक कोण? अण्णासाहेब पाटलांनी मुंबईत माथाडींना आणि डॉ. बाबा आढावांनी पुण्यात हमालांना संघटित केले. १९६९ च्या माथाडी कायद्याने या प्रश्नाला उत्तर दिले: मंडळ स्थापावे, त्याकडे हमालांची नोंद व्हावी आणि व्यापाऱ्यांचीही, मजुरी व तिच्यावरील लेव्ही व्यापाऱ्याने मंडळाकडे भरावी, आणि मंडळाने ती श्रमिकाला पोचवावी, भविष्यनिर्वाह निधीसह. हमालाला 'छोटा वाहतूक व्यावसायिक' म्हणणारे तेव्हाही होते. डिझाइन, भाषांतर, मुद्रितशोधन, छायाचित्रण अशा कामांसाठी मोठ्या ग्राहकांनी आगाऊ रक्कम ज्याच्याकडे ठेवावी असे मंडळ त्याच धर्तीवर मागता येईल. पोते पाठीवर असते आणि हे ओझे डोक्यात असते, एवढ्या फरकाने तत्त्व बदलत नाही.

आता ते दुसरे कारण. तीन वर्षांपूर्वी आमच्याकडे एका अधिवेशनाचा समारंभ झाला. स्वागत समितीत मी होतो. एका तरुण चित्रकाराकडे शहाण्णव पानी स्मरणिका आणि चळवळीच्या इतिहासाचे वीस फलकांचे प्रदर्शन असे काम आम्ही दिले. रक्कम बाजारभावाच्या निम्मी होती, कारण काम 'आपले' होते. देणग्या कमी पडल्या. अधिवेशनास बारा दिवस असताना प्रदर्शन रद्द केल्याचे त्याला कळविण्यात आले, आणि कळविणारा मीच होतो, कारण या धंद्यातला माणूस म्हणून ते काम माझ्याकडे आले. वीसपैकी चौदा फलकांची आरेखने त्याने पुरी केली होती. स्मरणिकेचे पैसे दिले. फलकांबद्दल व्यासपीठावर बोलावून शाल आणि श्रीफळ दिले. टाळ्या झाल्या. तो पुढे आमच्या कोणत्याही कार्यक्रमास आला नाही आणि आम्ही म्हणालो, आजकालच्या तरुणांत बांधिलकी उरली नाही.

अभ्यासमंडळात त्या भगिनी बोलत होत्या तेव्हा ती चौदा आरेखने माझ्या पाठीमागच्या कपाटावर गुंडाळून ठेवलेली होती. आता ती मी खाली काढली आहेत. ठरलेल्या दराने चौदा फलकांचे १४,००० रुपये आणि न झालेल्या सहांबद्दल दीड हजार, असा हिशेब मांडून कोषाध्यक्षांना पत्र दिले आहे. येत्या बैठकीत तो विषय घ्यावा, आणि पक्षाच्या व पक्षाशी संलग्न संस्थांच्या कोणत्याही छपाई, चित्र वा मांडणीच्या कामास वर सांगितलेले एक पानी पत्र सक्तीचे करावे, असा ठरावही सोबत जोडला आहे. ज्येष्ठ साथींना बैठकीस येण्याची विनंती केली आहे. त्या भगिनींनाही केली आहे. त्यांनी अद्याप कळविलेले नाही.